हवेत न झालेली घट : हवामान वाटाघाटींच्या प्रतिनिधींना खुलं पत्र

प्रति,
संयुक्त राष्ट्रांच्या हवामान करारातील सर्व सदस्य देशांचे प्रतिनिधी,
तसेच आयात मालावर कार्बनची किंमत वसूल करणारे आणि करू पाहणारे सर्व अधिकारी

महोदय,

मी बोल्ट बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात काम करतो. मूळ काम मालाच्या तपासणीचं. ऑक्टोबर २०२३ पासून उत्सर्जनाचा हिशेबही माझ्याच टेबलावर येऊन पडला, कारण आमचा माल युरोपात जातो आणि त्या महिन्यापासून तिथे सीमेवरच्या कार्बन आकारणीसाठी, म्हणजे सीबॅमसाठी, माहिती देणं सक्तीचं झालं. तक्रारी मांडण्याआधी एक कबुली देतो, म्हणजे मी कुठे उभा राहून बोलतो आहे ते कळेल.

आमच्या गोदामात आठ मिलिमीटर वायर रॉडच्या, म्हणजे बोल्ट ज्यापासून बनतात त्या पोलादी सळीच्या, दोन कॉइल शेजारीशेजारी पडलेल्या असतात. ग्रेड एक, व्यास एक, हात फिरवला तर वरच्या काळ्या पापुद्र्याची तीच खरखर. फरक फक्त टॅगवर. एक कॉइल ब्लास्ट फर्नेसच्या पोलादाची. खनिज आणि कोक वापरून केलेल्या त्या पोलादाच्या एका टनामागे दोन टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत गेलेला असतो. दुसरी भंगार वितळवून, विजेच्या भट्टीत केलेली. तिच्या फक्त धुराड्यातून निघणारा वायू मोजला तर आकडा पहिलीच्या पाव हिश्श्याच्याही आत राहतो. आणि सीबॅममध्ये पोलादासाठी पैसे लागतात ते धुराड्याचेच. वापरलेल्या विजेमागचं उत्सर्जन आकारणीत धरत नाहीत.

युरोपातल्या गिऱ्हाइकाने विचारलं, आकडा खाली आणता येईल का? आणला. भंगाराच्या कॉइलचे बोल्ट त्यांच्या खोक्यांत भरले आणि ब्लास्ट फर्नेसच्या कॉइलचे बोल्ट जिथे कोणी काही विचारत नाही अशा बाजारांकडे वळवले. कॉइल येत होत्या तितक्याच येत राहिल्या, दोन्हींचं प्रमाणही बदललं नाही. माझ्या तक्त्यातला आकडा निम्म्याच्या खाली गेला. हवेत जाणाऱ्या वायूत एका किलोचाही फरक पडला नाही. या कामगिरीबद्दल मला अभिनंदनाचा ईमेल आला.

मी कुठलाही नियम मोडलेला नाही. हे पत्र लिहिण्याचं कारणच ते आहे.

ही पळवाट कोणाच्या लक्षात आली नव्हती, असं म्हणायलाही जागा नाही. कॅलिफोर्नियाने २०१३ मध्ये उत्सर्जन परवान्यांची (जितका वायू सोडायचा तितके परवाने लागतात) आपली योजना सुरू केली तेव्हा बाहेरून येणारी वीजही तिच्यात धरली, आणि स्वच्छ वीज इकडे दाखवून कोळशाची तिकडे वळवण्याच्या याच प्रकाराविरुद्ध नियम लिहावे लागले.

कार्बन गळती हा शब्द तुम्हाला रोजचा आहे. बाकीच्या वाचकांसाठी दोन ओळी. एखाद्या देशाने उत्सर्जनावर बंधन किंवा किंमत घातली आणि त्यामुळे ते उत्सर्जन बंधन नसलेल्या देशात वाढलं, तर ती गळती. आयपीसीसीने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामान शास्त्रज्ञांच्या मंडळाने, तिचं मापही सोपं ठेवलं आहे : बाहेर जितकं वाढलं त्याला आत जितकं घटलं त्याने भागायचं. आत १०० टन घटले आणि बाहेर १५ वाढले, तर गळती १५ टक्के. २००७ च्या अहवालात, विकसित देशांवर घटीचं बंधन घालणाऱ्या क्योटो करारातून होणाऱ्या गळतीचा अंदाज ५ ते २० टक्के असा दिला होता. ही भीती सगळी खोटी आहे, असं मी म्हणणार नाही. १०० किलो शुद्ध चुनखडी भाजली की ४४ किलो कार्बन डायऑक्साइड निघतोच, मग भट्टी कशावरही चालवा. अशा धंद्यात एकाच देशाने जबर किंमत लावली तर पुढची भट्टी सीमेपलीकडे उभी राहील, ही शंका रास्त आहे. माझा आक्षेप त्या शंकेवर काढलेल्या उपायांवर आणि तिच्या आडून चुकवलेल्या हिशेबांवर आहे.

आता निमित्त. नोव्हेंबर २०२५ मध्ये हवामान परिषदेसाठी ब्राझीलमधल्या बेलेम इथे तुम्ही जमलात. एकतर्फी व्यापारी उपायांचा, म्हणजे सीबॅमसारख्या आकारण्यांचा, मुद्दा त्याआधीच्या दुबई आणि बाकू इथल्या परिषदांत विषयपत्रिकेच्या वादातच अडकला होता. बेलेममध्ये तो अखेर निर्णयात आला. आला तो असा : २०२६, २०२७ आणि २०२८ च्या जूनमधल्या बैठकांत यावर संवाद व्हावा. इकडे सीबॅमचा चाचणीचा काळ ३१ डिसेंबर २०२५ ला संपला आणि १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष आकारणीचा हिशेब सुरू झाला. ब्रिटनची आकारणी जानेवारी २०२७ मध्ये सुरू होते आहे. वसुलीला तारखा आहेत, संवादाला फक्त बैठका. हे मुकाट्याने मान्य करणं मला जमत नाही.

पहिली तक्रार तुमच्या हिशेबवहीच्या चौकटीबद्दल आहे, आणि माझ्या मते बाकीच्या बहुतेक तक्रारी तिच्याच पोटातून निघतात. क्योटो असो वा पॅरिस, देशाचं उत्सर्जन म्हणजे त्या देशाच्या भूमीवर झालेलं उत्सर्जन, असं तुम्ही धरता. वस्तू कोणी वापरली याला वहीत रकाना नाही. परिणाम काय झाला तो २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने मोजून दाखवला आहे. विकसनशील देशांत झालेलं, पण व्यापारातून विकसित देशांच्या उपभोगासाठी गेलेलं निव्वळ उत्सर्जन १९९० मध्ये ०.४ अब्ज टन होतं. २००८ मध्ये ते १.६ अब्ज टनांवर गेलं. क्योटोखाली विकसित देशांनी मिळून जी घट दाखवली, तिच्यापेक्षा ही वाढ मोठी आहे. यातलं सगळंच धोरणांमुळे झालेली गळती नाही, हे मलाही कळतं. स्वस्त मजुरी, नवे बाजार, जहाज वाहतुकीची सोय अशी कारणंही आहेत. पण तुमच्या भाषणांत घट सांगितली जाते आणि हे १.६ अब्ज टन सांगितले जात नाहीत. या खिशातून काढून त्या खिशात घातलेल्याला बचत म्हणायचं का, एवढंच मला विचारायचं आहे.

चौकटीची दुसरी बाजूही पाहा. ऑस्ट्रेलियाचा कोळसा परदेशी जळला की तो जाळणाऱ्याच्या खात्यावर. नॉर्वेत २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या दर दहा नव्या मोटारींपैकी जवळपास नऊ विजेवरच्या होत्या, कौतुकच आहे. तिथून निर्यात होणारं तेल मात्र नॉर्वेच्या आकड्यात येत नाही. माल मागवणारा मोकळा, इंधन विकणारा मोकळा, मधला भट्टीवाला तेवढा वहीत.

दुसरी तक्रार याच इंधनाबद्दल. गळतीची चर्चा निघाली की तुम्ही कारखान्यांच्या स्थलांतरावर बोलता, कारण कारखाना उठून गेलेला डोळ्यांना दिसतो, त्याची संघटना असते, कामगार असतात, मतदारसंघ असतो. दुसरी वाट दिसत नाही. मोठ्या गटाने कोळसा आणि तेल कमी वापरलं की जागतिक बाजारात त्यांचा भाव उतरतो, आणि उतरलेल्या भावाने दुसरा कोणीतरी जास्त विकत घेतो. अर्थशास्त्रीय प्रारूपांपैकी पुष्कळांत गळतीचा मोठा भाग याच वाटेने जाताना दिसतो. सीमेवर बोल्ट मोजून ती वाट बंद होत नाही. त्यासाठी जमिनीतून किती काढायचं यावर बोलावं लागेल, आणि तिथे आलं की टेबलावर शांतता पसरते.

तिसरी तक्रार जुन्या औषधाची. युरोपची परवाना बाजारपेठ २००५ मध्ये सुरू झाली तेव्हापासून उद्योगांना परवाने फुकट वाटले गेले, पुढे तर गळतीच्याच नावाने. सुरुवातीच्या वर्षांत वीज कंपन्यांनी फुकट मिळालेल्या परवान्यांची बाजारभावाने किंमत ग्राहकांच्या बिलात धरली आणि नफा कमावला. परवाने इतके झाले की २०१३ मध्ये एका टनाचा भाव पाच युरोच्याही खाली घसरला. त्या काळातल्या बहुतेक अभ्यासांना कारखाने बाहेर गेल्याचा ठोस पुरावा सापडला नाही. किंमतच नगण्य होती, जाणार कशाला? म्हणजे रोग झाला की नाही ते कळायच्या आत औषध वर्षानुवर्षं चालू राहिलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये भाव १०० युरोच्या वर गेला तेव्हा कुठे प्रश्न खरा झाला. आता फुकट परवाने हळूहळू काढून घेऊन त्या जागी सीबॅम आणला जातो आहे : २०२६ मध्ये २.५ टक्के, २०३० मध्ये ४८.५ टक्के आणि पूर्ण बंद २०३४ मध्ये. आयात मालाकडूनही त्याच प्रमाणात वसुली होणार आहे, त्यामुळे ही रचना एकांगी आहे असं मी म्हणत नाही. पण आपल्या उद्योगांना २००५ ते २०३४ एवढी सवड देणाऱ्यांनी आमच्यासारख्यांना सव्वादोन वर्षांच्या चाचणीत तयार व्हायला सांगावं, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

चौथी तक्रार माझी स्वतःची आहे, त्यामुळे थोडी लांबेल.

बोल्टच्या उत्सर्जनातला जवळजवळ सगळा भाग बोल्टच्या कारखान्यात होतच नाही. आमच्याकडे हेडिंगची यंत्रं, थ्रेड रोलिंग आणि गॅसवर चालणारी हीट ट्रीटमेंटची भट्टी. भट्टीचा गॅस मीटरवर दिसतो, त्याचा हिशेब अर्ध्या तासात होतो आणि आकडा किरकोळ निघतो. खरा आकडा वायर रॉडच्या पोटात, आणि तो वायर रॉड आमच्यापर्यंत दोन व्यापाऱ्यांच्या हातांतून येतो. मी पहिल्यांदा पुरवठादाराला फोन केला तेव्हा तो म्हणाला, "साहेब, हीट नंबर देतो, टेस्ट सर्टिफिकेट देतो, त्यात कार्बन लिहिलेला आहे की." हीट म्हणजे एका खेपेला वितळवलेलं पोलाद. त्याने सांगितलेला कार्बन त्या पोलादातला होता, ०.३५ टक्के. मला हवेतला पाहिजे होता. आम्ही दोघंही हसलो, पण रकाना रिकामाच राहिला.

जुलै २०२४ अखेरपर्यंत अशा रकान्यात ठरवून दिलेले सरासरी आकडे भरता येत होते. त्यानंतर एकूण उत्सर्जनाच्या फक्त २० टक्क्यांपर्यंत अंदाज चालेल, असा नियम आला. ज्या वस्तूचं जवळपास सगळं उत्सर्जन दुसऱ्याच्या भट्टीत झालेलं आहे, तिच्या बाबतीत या सवलतीचा उपयोग काय? आता प्रत्यक्ष आकारणीच्या काळात पडताळणी केलेला खरा आकडा नसेल तर पुन्हा ठरीव आकडे, आणि वर वाढीव टक्का. मोठ्या पोलाद कंपनीकडे या कामासाठी अख्खा विभाग असतो. आमच्याकडे मी, तोही तपासणीचं काम उरकून. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

यावर तुम्ही म्हणाल की लहानांना सूट दिली आहे. २०२५ च्या सुधारणेत वर्षाला ५० टनांपर्यंतची आयात वगळली आणि त्यामुळे सुमारे ९० टक्के आयातदार सुटले, हे खरं. पण ही मर्यादा आयातदाराच्या मालावर आहे. आमच्यासारखा लहान उत्पादक मोठ्या आयातदाराला माल विकत असेल, तर आमच्या प्रत्येक खोक्याचा हिशेब लागतो. लहान गिऱ्हाईक सुटलं, लहान कारागीर अडकला. हा फरक नियम करणाऱ्यांच्या ध्यानात आला नसेल, असं मला वाटत नाही.

आणखी एक आठवण करून देतो. २०१२ मध्ये युरोपने आपल्याकडे येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्या विमानफेऱ्यांवर परवान्यांची सक्ती केली होती. चीन, अमेरिका, भारत अशा देशांनी ठाम विरोध केला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये खंडाबाहेरच्या फेऱ्यांपुरतं या सक्तीचं घड्याळ थांबवण्यात आलं. विमान कंपन्यांसाठी थांबलेलं घड्याळ बोल्टवाल्यांसाठी का थांबत नाही, हे समजायला अर्थशास्त्र लागत नाही.

पाचवी तक्रार पैशाची. १९९२ च्या मूळ करारात समान पण वेगवेगळ्या जबाबदारीचं तत्त्व आहे. त्याच कराराच्या तिसऱ्या कलमाच्या पाचव्या उपकलमात लिहिलं आहे की हवामानासाठी केलेले उपाय, एकतर्फी उपायही, मनमानी भेदभावाचं किंवा व्यापारावरच्या छुप्या निर्बंधाचं साधन होऊ नयेत. आता सीमेवर जमा होणारी रक्कम कुठे जाते ते पाहू. युरोपीय आयोगाचा प्रस्ताव तिच्यातला ७५ टक्के वाटा युरोपीय संघाच्या अर्थसंकल्पात नेण्याचा आहे. कायद्याच्या प्रस्तावनेत अल्पविकसित देशांना मदतीची भाषा आहे, पण वसुलीतला अमुक हिस्सा त्यांना द्यावा असं बंधन नाही, आणि त्या देशांना सरसकट सूटही नाही. मोझांबिकसारख्या अल्पविकसित देशाच्या निर्यातीत ॲल्युमिनियमचं स्थान वर्षानुवर्षं मोठं राहिलं आहे आणि त्याचा मोठा ग्राहक युरोप राहिला आहे. ज्याने वातावरणात जवळपास काही भर घातली नाही त्याच्याकडून गोळा केलेली रक्कम श्रीमंतांच्या अर्थसंकल्पात जात असेल, तर तिला हवामान निधी म्हणू नका. जकात म्हणा, निदान शब्द तरी खरा राहील.

हे पत्र इथेच थांबवलं असतं तर आमच्या बाजूच्या प्रतिनिधींनी टाळ्या वाजवल्या असत्या. म्हणून त्यांनाही दोन शब्द. निर्यातदार विकसनशील देशांच्या प्रतिनिधींनो, समतेचा मुद्दा तुमचा खरा आहे, पण त्याची ढाल करून तुम्ही घरचं काम वर्षानुवर्षं पुढे ढकललंत. सीबॅमच्या कायद्यात मूळ देशात भरलेली कार्बनची किंमत वजा करून मिळते. म्हणजे तीच रक्कम तुम्ही आपल्या घरी घेतली असती तर ती घरच्याच भट्ट्या सुधारायला राहिली असती. चीनने २०२१ मध्ये बाजार सुरू केला खरा, पण पोलाद, सिमेंट आणि ॲल्युमिनियम त्यात आणायला २०२५ उजाडलं. जागतिक बँकेच्या २०२५ च्या आढाव्यानुसार जगाच्या उत्सर्जनापैकी सुमारे २८ टक्क्यांवरच थेट कार्बनची किंमत आहे. उरलेल्या ७२ टक्क्यांतले बरेच टन तुमच्या अखत्यारीत आहेत. आणि माझ्या पुरवठादाराला हवेतला कार्बन विचारणारा पहिला माणूस परदेशी गिऱ्हाइकामुळे उभा राहावा, ही काही अभिमानाची गोष्ट नाही.

आता मागण्या.

दर दोन वर्षांनी तुम्ही जे पारदर्शकता अहवाल देता, त्यांत भूमीवरच्या उत्सर्जनाशेजारी उपभोगाचं उत्सर्जनही छापा. त्यावर लगेच बंधन घालायची गरज नाही. आधी आकडा शेजारी तर येऊ दे. निर्यात केलेल्या कोळशा-तेलातल्या कार्बनचाही एक रकाना त्याच पानावर ठेवा.

मोजणीची पद्धत एक करा. युरोपची वेगळी, ब्रिटनची वेगळी, उद्या तिसऱ्याची आणखी वेगळी असं झालं तर आमच्यासारख्या कारखान्यात उत्सर्जन मोजायचं काम वाढेल आणि ते कमी करायला वेळच उरणार नाही. पोलादाच्या टेस्ट सर्टिफिकेटवर रासायनिक घटकांच्या खाली एक ओळ वाढवा : या हीटचं उत्सर्जन, टनामागे इतकं. पोलाद बनवणाऱ्याने एकदा लिहायचं, पुढे सगळ्यांनी तेच वापरायचं. माझ्या सगळ्या मागण्यांतली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी हीच आहे, असं मला तपासणीच्या टेबलावर बसून वाटतं.

मालाची अदलाबदल थांबवायची असेल तर खोक्याचा आकडा मागण्याबरोबर कारखान्याची वर्षाची सरासरी मागा, सगळ्या बाजारांत गेलेल्या मालाची मिळून. माझा अभिनंदनाचा ईमेल त्यामुळे रद्द होईल. होऊ द्या.

५० टनांसारखी मर्यादा उत्पादकालाही लावा. अल्पविकसित देशांना ठरावीक वर्षांची सूट द्या आणि त्या वर्षांत काय व्हायला हवं तेही लिहा. सीमेवर वसूल झालेली रक्कम ज्या देशांच्या मालावर वसूल झाली तिथल्या लहान भट्ट्यांच्या सुधारणेसाठी परत जाईल, असं बंधन कायद्यातच घाला. फुकट परवाने बंद करण्याचं २०३४ पर्यंतचं वेळापत्रक एका दिवसानेही पुढे ढकलू नका. उद्योगांचा दबाव येईल, तेव्हा आमच्यावर लावलेल्या तारखा आठवा. आणि आमच्याकडच्या सरकारांनी कार्बनच्या किमतीची आपली तारीख जाहीर करावी, निर्यातीच्या मालापुरती नव्हे, सगळ्यासाठी.

शेवटची मागणी संवादाबद्दल. जून २०२६, २०२७ आणि २०२८ या तिन्ही बैठकांतून चर्चेचा गोषवारा नको, मसुदा बाहेर येऊ दे. त्या खोलीत दोन खुर्च्या अशा माणसांसाठी ठेवा ज्यांनी हे तक्ते स्वतःच्या हाताने भरले आहेत. मी माझा तक्ता, दोन्ही कॉइलचे टॅग आणि तो ईमेल घेऊन येईन.

आपला,
एका बोल्ट कारखान्यातला तपासनीस